१३ सेकंदांत २६ कॉर्ड, आणि माझे वाया गेलेले आठ महिने

५ मे १९५९. न्यू यॉर्क. जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनवादक 'जायंट स्टेप्स' ही स्वतःची रचना ध्वनिमुद्रित करतोय. पियानोवर टॉमी फ्लॅनागन, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर आर्ट टेलर. रचना फक्त १६ बारची, म्हणजे चार-चार मात्रांचे १६ विभाग. त्या १६ बारमध्ये २६ कॉर्ड आहेत आणि वेग मिनिटाला २८० ठोक्यांच्या वर. घड्याळ लावून बघा, एक आवर्तन साधारण १३-१४ सेकंदांत संपतं आणि लगेच पुढचं सुरू होतं.

कोल्ट्रेनचा सोलो ऐकताना वाटतं की पाण्याचा नळ सोडलाय. मग फ्लॅनागनची पाळी येते. तो काही ओळी नीट वाजवतो, मग अडखळतो, मध्ये जागा सोडतो आणि शेवटी सुरावट सोडून नुसत्या कॉर्ड दाबू लागतो. फ्लॅनागन काही नवशिका नव्हता, त्या काळातल्या सर्वांत जाणकार पियानोवादकांपैकी एक होता. कॉर्ड त्याला माहीत होत्या. तरीही त्या १३ सेकंदांत ते माहीत असणं पुरलं नाही.

तुम्ही पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे ध्वनिमुद्रण एकदा जरूर ऐका. माझा पीएच.डी.चा विषय जॅझमधल्या कॉर्ड-मालिका आणि त्यांवर आयत्या वेळी रचल्या जाणाऱ्या सुरावटी यांचं संगणकाच्या मदतीनं विश्लेषण हा आहे. एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं, त्यामुळे पहिल्या वर्षी मला वाटायचं की विश्लेषण म्हणजे विदा घ्यायची, तिला लेबलं लावायची आणि मोजायचं. या समजुतीपायी माझे आठ महिने गेले. ती गोष्ट पुढे सांगतेच. पण आधी या विषयाचा इतिहास बघू, कारण माझी चूक माझ्याआधी अनेकांनी वेगवेगळ्या रूपांत करून झाली होती. साहित्याचा आढावा नीट वाचला असता, तर मला ती तिथेच दिसली असती.

पेटीवर समजून घेऊ

जॅझ अजिबात ऐकलं नसेल तरी चालेल. घरात हार्मोनियम असेल तर ती पुढ्यात घ्या.

सा-ग-प एकत्र दाबा. स्थिर वाटतं, घरी आल्यासारखं. आता प-नी-रे-म दाबा. इथे ताण जाणवतो. शुद्ध नी वरच्या सा-कडे ओढतो आणि शुद्ध म खालच्या ग-कडे. दोन्ही अर्ध्या स्वराच्या अंतरावर आहेत, म्हणून ही ओढ जोरदार आहे. म्हणजे पंचमावरची कॉर्ड षड्जाच्या घराकडे बोट दाखवते. तिच्याआधी रे-म-ध-सा ही कॉर्ड आली की तीन पायऱ्यांचा जिना तयार होतो: रे-वरची, प-वरची, सा-वरची. जॅझवाले याला 'टू-फाइव्ह-वन' म्हणतात. भाषेत जसं वाक्य, तसं इथे हे एकक.

आता कोमल रे धरून रे-म-ध-नी दाबा, यात रे आणि ध दोन्ही कोमल. यातही तेच म आणि नी आहेत, म्हणजे ओढ तीच. त्यामुळे पंचमावरच्या कॉर्डऐवजी ही कॉर्ड वापरली तरी काम भागतं. दोन वेगळी नावं, दोन वेगळे पायाचे स्वर आणि काम एकच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मालिका पुन्हा पुन्हा फिरते, जसं तबल्यावर ठेक्याचं आवर्तन फिरतं. फरक एवढाच की इथे आवर्तनात नुसता काळ बांधलेला नसतो, प्रत्येक मात्रेखाली कोणते स्वर 'घरचे' हेही बदलत असतं. त्यावर वादक उपज करतो. आपल्याकडे उपजेत षड्ज हलत नाही. जॅझमध्ये जमीनच हलत असते.

गाणं गेलं, सांगाडा उरला

कॉर्ड-मालिका ही गाण्यापासून वेगळी काढून अभ्यासायची गोष्ट आहे, हे आधी वादकांना कळलं. विद्यापीठं नंतर आली.

जॉर्ज गर्श्विन यांचं 'आय गॉट रिदम' १९३० मध्ये 'गर्ल क्रेझी' या संगीत नाटकात आलं. मूळ गाणं ३४ बारचं. वादकांनी शेवटचे जादा २ बार काढून टाकले आणि ३२ बारचा सुटसुटीत सांगाडा ठेवला: आठ बार, तेच आठ परत, मग वेगळे आठ, आणि पुन्हा पहिले आठ. मधल्या वेगळ्या भागात डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन अशा चार कॉर्ड येतात, प्रत्येकी दोन बार. प्रत्येक कॉर्ड पुढच्या कॉर्डचा पंचम. चौथी आपल्याला मूळ घरी, म्हणजे बी फ्लॅटला आणून सोडते.

या सांगाड्यावर ड्यूक एलिंग्टन यांनी १९४० मध्ये 'कॉटन टेल' बांधलं, सॉनी रॉलिन्सनं १९५४ मध्ये 'ओलिओ' बांधलं, आणि चार्ली पार्करनं तर कितीतरी रचना. चाल नवी, खालच्या कॉर्ड जुन्या. यात पैशांचाही भाग होता. चालीवर लेखकाचा हक्क लागतो, नुसत्या कॉर्ड-मालिकेवर तो कुणी सांगत नसे. नवी चाल लिहिली की मानधन जुन्या गाण्याच्या मालकाकडे जात नाही.

इथे एक गोष्ट घडली आणि ती संशोधकांच्या फार कामाची आहे. वादकांनी ठरवून टाकलं की गाण्यातलं काय टिकवायचं आणि काय टाकायचं. शब्द टाकले, चाल टाकली, शेवटचे दोन बारही टाकले. उरलं ते 'चेंजेस'. हेच पुढे अभ्यासाचं एकक बनलं. आपण ज्याला कच्ची विदा समजून उचलतो, ती कुणीतरी आधीच निवडून, कापून ठेवलेली असते, ती अशी.

एका उद्धरणाची वाट

रे नोबल यांची 'चेरोकी' ही १९३८ ची रचना. आकाराने दुप्पट, ६४ बारची. तिचा मधला भाग नवशिक्यांचा कर्दनकाळ. मूळ घर बी फ्लॅट, पेटीच्या भाषेत काळी पाच. मधला भाग सुरू होताच घर थेट पांढरी सातला, म्हणजे बी-ला जातं. मग ए, मग जी, एकेक पूर्ण स्वर खाली. पण विश्लेषण करून बघितलंत तर भीती जाते: तोच टू-फाइव्ह-वनचा जिना पायरी-पायरीनं खाली सरकवलाय आणि शेवटी मूळ घराकडे वळवलाय. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी पार्करनं याच सांगाड्यावर 'को-को' ध्वनिमुद्रित केलं.

जॅझच्या पुस्तकांत एक प्रसिद्ध प्रसंग सापडतो. १९३९ च्या डिसेंबरमध्ये 'चेरोकी' वाजवताना पार्करला अचानक उमगलं की कॉर्डच्या वरच्या टोकाच्या स्वरांवर सुरावट उभी करता येते. पार्करच्याच तोंडचे शब्द म्हणून हे वर्षानुवर्षं छापलं गेलं. मी माझ्या पहिल्या मसुद्यात तेच केलं, अवतरणचिन्हांसकट.

मग मूळ शोधत गेले. पहिल्या पुरुषातलं ते निवेदन येतं १९५५ च्या 'हिअर मी टॉकिन टू या' या पुस्तकातून. त्याच्या मागे आहे 'डाउनबीट' मासिकातला १९४९ चा लेख, आणि तिथे बहुतेक मजकूर लेखकांनी तिसऱ्या पुरुषात लिहिलाय. म्हणजे पत्रकारांनी मुलाखतीवरून केलेलं वर्णन पुढे वादकाचं आत्मकथन झालं आणि मग सिद्धान्ताचा पुरावा. पार्करला तसं उमगलं नसेल असं मी म्हणत नाही. पण 'पार्कर म्हणाला' आणि 'पार्करविषयी लिहिलं गेलं' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते प्रबंधात दिसलं पाहिजे. व्हायवात हे विचारलं गेलं तर तुमच्याकडे उत्तर हवं.

प्रत्येक कॉर्डला एक स्केल

१९५३ मध्ये जॉर्ज रसेल या संगीतकारानं 'लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट' मांडली. क्षयरोगानं रुग्णालयात असताना त्याचा यावर विचार चालू होता. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वरांचा गठ्ठा असं न समजता तिच्याशी एक पूर्ण स्केल जोडलेलं आहे, असं तो म्हणतो. मेजर कॉर्डला सगळ्यांत जवळचं कोणतं? रसेलच्या मते लिडियन, म्हणजे ज्यात मध्यम तीव्र आहे ते. आपल्या कल्याण थाटाचे स्वर.

हा विचार पुढे शिकवणीच्या वर्गांत फार सोपा होऊन पसरला: अमुक कॉर्ड आली की अमुक स्केल वाजवा. मायनर सेव्हनला डोरियन (काफी थाटाचे स्वर), डॉमिनंट सेव्हनला मिक्सोलिडियन (खमाजचे). रागाशी याचा संबंध लावू नका, फक्त स्वरांचा संच सारखा आहे. विद्यार्थ्यांसाठी हे वरदानच ठरलं, कारण 'काय वाजवू?' या प्रश्नाला तक्त्यासारखं उत्तर मिळालं.

२ मार्च १९५९ ला माइल्स डेव्हिसनं 'सो व्हॉट' ध्वनिमुद्रित केलं. त्यात १६ बार डी डोरियन, ८ बार अर्धा स्वर वर ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी. बस्स. इथे स्केलचा विचार अगदी चपखल बसतो. त्या बैठकीत सॅक्सोफोनवर होता कोल्ट्रेन! आणि दोनच महिन्यांनी त्यानं 'जायंट स्टेप्स' वाजवलं, जिथे काही कॉर्ड अर्धा सेकंदही टिकत नाहीत. एकाच वादकाची एकाच वर्षातली ही दोन ध्वनिमुद्रणं. 'जॅझचं विश्लेषण असं करतात' असं एकच सूत्र सांगणाऱ्यानं ही दोन्ही शेजारी ठेवून बघावीत.

कथा सापडली, पण कुणाची?

आता १९५८ मध्ये येऊ. 'द जॅझ रिव्ह्यू' या मासिकात गुंथर शुलर यांनी सॉनी रॉलिन्सच्या 'ब्ल्यू सेव्हन' या १९५६ च्या ध्वनिमुद्रणावर लेख लिहिला. त्यांचा दावा असा: हा सोलो म्हणजे कॉर्डवरून धावणाऱ्या सुट्या ओळी नाहीत, सुरुवातीच्या चालीतल्या छोट्या तुकड्यांतून अख्खा सोलो उमललाय. लेख गाजला. जॅझला गंभीर संगीत म्हणून मान मिळवून देण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा आहे, हे आधी मान्य करू. रॉलिन्सनं मात्र पुढे बोलून दाखवलं की स्वतःबद्दल असं वाचल्यावर वाजवताना तो अवघडून जायचा.

५६ वर्षांनी, २०१४ मध्ये, बेंजामिन गिवन या अभ्यासकानं एक साधा प्रश्न विचारला: हेच तुकडे रॉलिन्सच्या बाकीच्या ध्वनिमुद्रणांत आहेत का? आहेत. 'ब्ल्यू सेव्हन'च्या चालीतून उमलले असं वाटणारे तुकडे रॉलिन्सच्या नेहमीच्या भांडारातले होते. शुलर यांनी एकच सोलो भिंगाखाली धरला होता. त्यात जे परत-परत दिसलं ते त्या सोलोचं वैशिष्ट्य आहे की त्या वादकाची सवय, हे एका नमुन्यावरून ठरवताच येत नाही.

विज्ञानशाखेतून आलेल्यांना हे लगेच कळेल: नियंत्रण गट नव्हता.

हे उलट टोकानं करून दाखवणारा एक पीएच.डी.चा प्रबंध आहे, म्हणून मला तो फार जवळचा. थॉमस ओवेन्स, कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजलिस, १९७४. त्यांनी चार्ली पार्करचे सुमारे २५० सोलो कानानं ऐकून कागदावर उतरवले आणि त्यांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुमारे १०० तुकड्यांची यादी केली. कोणता तुकडा कोणत्या स्वरपट्टीत येतो, कोणत्या कॉर्डवर येतो, हे सगळं. संगणक नाही, वेग कमी करणारं ॲप नाही. त्यातून दिसलं की झंझावातासारखी वाटणारी पार्करची उपज बऱ्याच अंशी हाताशी असलेल्या तुकड्यांच्या जुळणीतून येते. आपल्याकडच्या तालमीशी परिचित असलेल्यांना यात धक्का वाटणार नाही.

पण ओवेन्सच्या प्रबंधानंही वाद मिटला नाही. १९९६ मध्ये हेन्री मार्टिन यांनी पार्करवरच पुस्तक लिहून दाखवायचा प्रयत्न केला की तुकडे नेहमीचे असले तरी मूळ गाण्याच्या चालीशी त्यांचं खोलवर नातं असतं. म्हणजे यादी करून झाली, तरी 'हा तुकडा इथेच का?' हा प्रश्न उरतोच.

शेवटापासून मागे

१९८४ मध्ये मार्क स्टीडमन यांनी प्रश्नच बदलला. ते भाषा आणि संगणक या क्षेत्रातले. सोलो बाजूला ठेवून त्यांनी कॉर्ड-मालिकेकडे पाहिलं. १२ बारचा ब्लूज मुळात तीन कॉर्डचा: सा, म आणि प यांवरच्या. प्रत्यक्षात वादक त्याची इतकी रूपं वाजवतात की मूळ ओळखू येऊ नये. तरी ऐकणाऱ्याला कळतं की हा ब्लूजच आहे. कसं?

स्टीडमन यांनी मोजक्या नियमांचं व्याकरण लिहिलं. त्यातला मुख्य विचार असा: एखाद्या कॉर्डचा वेळ दोन भागांत वाटायचा आणि पहिल्या भागात तिच्या पंचमावरची कॉर्ड बसवायची. मग त्या कॉर्डचा वेळ परत वाटायचा, तिच्याआधी तिचा पंचम. असं मागे मागे जायचं. शिवाय मघाशी पेटीवर पाहिलेली कोमल रे-ची अदलाबदल. एवढ्यावर ब्लूजची कितीतरी गुंतागुंतीची रूपं तयार होतात.

ऐकताना आपण डावीकडून उजवीकडे जातो, पण ही रचना ध्येयापासून मागे बांधलेली आहे. 'आय गॉट रिदम'च्या मधल्या भागातल्या चार कॉर्ड आता परत बघा. शेवटच्या बी फ्लॅटपासून मागे गेलात तर चारही आपोआप मिळतात. मला हे पहिल्यांदा कळलं, त्या रात्री झोप लागली नव्हती.

पण हे व्याकरण कशाचं आहे? कोणती मालिका बरोबर, हे ते सांगतं. त्यावर वादक कसा विचार करतो, हे सांगत नाही. ते जाणून घ्यायला वादकांशीच बोलायला हवं. पॉल बर्लिनर यांनी तेच केलं आणि १९९४ मध्ये 'थिंकिंग इन जॅझ' हा जाडजूड ग्रंथ आला.

आता माझी चूक

मी काय केलं? उतरवून ठेवलेले सोलो घेतले, त्यांच्या कॉर्ड छापील लीड-शीटवरून घेतल्या, आणि प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक कॉर्डला ठरलेली स्केल जोडायची आणि सोलोतले किती स्वर त्यांत बसतात ते मोजायचं. आकडा अगदी देखणा आला. मी आलेख काढले, रंग दिले, आरएसीच्या सादरीकरणात ठेवले.

माझ्या सरांनी एकच विचारलं, "हा आकडा कमी कधी आला असता?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कागद घेतला.

सप्तकात १२ स्वर, स्केलमध्ये ७. डोळे मिटून कुठलेही स्वर दाबले तरी १२ पैकी ७, म्हणजे ५८ टक्के 'बसतात'. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी याहून वाईट. डॉमिनंट सेव्हन कॉर्डला मी पुस्तकांत दिलेल्या तीन स्केल चालतील असं धरलं होतं. मिक्सोलिडियन, लिडियन डॉमिनंट आणि ऑल्टर्ड. कॉर्डच्या पायाला सा धरून मोजा. मिक्सोलिडियनचे सात: सा, रे, ग, म, प, ध आणि कोमल नी. लिडियन डॉमिनंटमुळे तीव्र म आला. ऑल्टर्डमुळे कोमल रे, कोमल ग, कोमल ध आले. बेरीज ११. फक्त शुद्ध नी बाहेर. आणि तो वाजला तर? त्याला 'बीबॉप स्केल'मधला जाता-जाता लागणारा स्वर म्हणून पुस्तकं आधीच परवानगी देऊन बसली आहेत. म्हणजे १२ पैकी १२!

माझा प्रोग्रॅम चूक दाखवूच शकत नव्हता. पार्करच्या जागी शेजारच्या लहान मुलानं पेटी बडवली असती, तरी निकाल जवळपास तोच आला असता.

शिवाय कॉर्ड कुठून आल्या होत्या? लीड-शीटवरून. जॅझवाल्यांची गाथा मानलं जाणारं 'द रिअल बुक' १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय तयार केलं. त्यातल्या कॉर्ड म्हणजे कुणीतरी ऐकून लावलेला अर्थ. त्या विशिष्ट दिवशी पियानोवाल्यानं काय दाबलं, बासवाल्यानं कोणता स्वर धरला, हे त्यात असेलच असं नाही. पंचमावरची कॉर्ड आणि कोमल रे-ची कॉर्ड यांची अदलाबदल तर वादक चालता चालता करतात. मी एका अर्थाची तुलना दुसऱ्या अर्थाशी करत होते आणि त्याला मोजमाप म्हणत होते.

आठ महिने गेले. तीन आठवडे काहीच केलं नाही, खरं सांगते. पीएच.डी. सोडायचा विचारही आला. घरी 'काय झालं?' विचारलं की 'संगणक बिघडलाय' सांगायचे.

मग सरांचाच प्रश्न प्रयोगात बसवला. तोच सोलो घ्यायचा, पण त्याच्याखाली मुद्दाम चुकीची कॉर्ड-मालिका ठेवायची: कधी चार बार सरकवून, कधी दुसऱ्याच रचनेची. खऱ्या कॉर्डशी सोलो जितका जुळतो, त्याहून चुकीच्या कॉर्डशी तो कमी जुळला पाहिजे. नाहीतर माझ्या हातात काहीच नाही. तीन स्केलची सवलतही काढून टाकली. आकडा धाडकन खाली आला. पण खरं आणि चुकीचं यांत जो थोडासा फरक उरला, तो खरा होता. आणि हा फरक सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. ओळ जिथे संपते आणि जोरदार मात्रा जिथे पडते, तिथे तो गोळा झाला होता. मधल्या स्वरांना वादक बरीच मोकळीक देतो, पोहोचायच्या जागी मात्र कॉर्ड पाळतो. आपल्या भाषेत, समेवर चुकत नाही.

आता माझा प्रबंध या लहान फरकावर उभा आहे.

परत १९५९ च्या स्टुडिओत

'जायंट स्टेप्स' कागदावर घेऊ. २६ कॉर्ड भयंकर दिसतात, पण घरं तीनच आहेत: बी, जी आणि ई फ्लॅट. पेटीवर पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. सप्तकाचे तीन समान भाग. बाकीच्या कॉर्ड म्हणजे या घरांकडे नेणारे जिने. एका आवर्तनात घर १० वेळा बदलतं, शेवटचं परतणं धरून. तीन घरांची ही कल्पनाही अगदी हवेतून आलेली नाही. रिचर्ड रॉजर्स यांच्या १९३७ च्या 'हॅव यू मेट मिस जोन्स' या गाण्याच्या मधल्या भागात घरं अशीच चार-चार अर्ध्या स्वरांच्या अंतरानं फिरतात.

स्टीडमन यांच्या पद्धतीनं बघितलं तर जिने दिसतात. रसेलच्या पद्धतीनं बघितलं तर २६ स्केल, जी वाजवताना निरुपयोगी. ओवेन्सच्या पद्धतीनं बघितलं तर कोल्ट्रेनची युक्ती सापडते: दोन मात्रांच्या कॉर्डवर तो अनेकदा चार स्वरांचा एकच तुकडा बसवतो. त्या कॉर्डचा सा-रे-ग-प. चार जलद स्वर, दोन मात्रा, बरोबर मावतात. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्याच रचनेच्या दुसऱ्या टेकमध्येही हे तुकडे आहेत. म्हणजे १३ सेकंदांत तो विचार करत नव्हता. विचार आधीच, घरी, महिनोन्‌महिने करून झाला होता. फ्लॅनागनला तो वेळ मिळाला नव्हता. दोघांत जो फरक ऐकू येतो तो कॉर्डच्या ज्ञानापेक्षा या वेळेचा जास्त आहे, असं मला वाटतं.

टॉमी फ्लॅनागननं १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ एक अल्बम केला. नाव ठेवलं 'जायंट स्टेप्स', आणि तीच रचना पुन्हा वाजवली. अडखळणं कुठेही नाही. कॉर्ड त्याच २६.

सिनॉप्सिस लिहिताना मी आता चार प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेवलेत. तुम्हीही चिकटवा, विषय कुठलाही असो.

१. माझी विदा कुणी, कशासाठी निवडून-कापून ठेवली आहे?

२. माझ्या उद्धरणाचं मूळ मी स्वतः पाहिलंय का?

३. मला जे सापडलं ते इतरत्रही सापडतं का, की मी एकच सोलो ऐकलाय?

४. माझा आकडा कमी कधी आला असता?

चौथ्याचं उत्तर येत नसेल तर आलेखांना रंग देऊ नका. आधी गाईडकडे जा. लाज वाटेल, पण आठ महिने वाचतील.